सात आठे चोपन्न

१२ जानेवारी

चि. काडी,

आशीर्वाद. आधी खुर्चीवर नीट बस, मग वाच.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोन तुझ्या मामीच्या ताब्यात असतो आणि ती तो कायम स्पीकरवर लावते, त्यामुळे आमच्या घरातली बातमी जिन्यातल्या लोकांना आमच्या आधी कळते. शिवाय फोनवर मी रडलो असतो. चौतीस वर्षं गणिताच्या तासाला पोरांना रडवलेल्या माणसाने भाचीसमोर रडणं काही बरं दिसत नाही. पत्रात शाई फुटली तर पेन गळतं म्हणून वेळ मारून नेता येते.

तर गोष्ट अशी. माझ्या डाव्या टाचेवर एक काळा डाग होता. डाव्या, हे मामीला विचारून लिहिलं आहे. डावं-उजवं मला जन्मात जमलं नाही, हे तुला ठाऊक आहेच. कवायतीच्या दिवशी ‘डावीकडे वळा’ असं ओरडून मी स्वतः उजवीकडे वळलो आणि माझ्यामागे अख्खी नववी उजवीकडे वळली, त्यात तूही होतीस.

तो डाग मला दीड वर्ष शाईचा वाटत होता. रोज अंघोळीला दगडाने घासत होतो आणि निघत नाही म्हणून शाई बनवणाऱ्यांचं कौतुक करत होतो. शेवटी चपलांच्या दुकानातल्या माणसाने माझा पाय हातात धरला, डाग पाहिला आणि हळूच म्हणाला की सर, हे डॉक्टरांना दाखवा. मी मास्तर असताना वर्गातला सर्वांत हुशार माणूस मीच होतो. बाकीचे सगळे तेरा-चौदा वर्षांचे होते, हा भाग वेगळा.

डाग सप्टेंबरात कापून काढला. त्वचेचा कर्करोग निघाला, मेलॅनोमा नावाचा. मग जांघेत गाठ लागली. ती काढायला सात आठवडे उशीर झाला, माझ्या आळसामुळे. आणि परवाच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात दोन बारीक ठिपके दिसले आहेत.

तू हेच काम करतेस ना, ट्यूमरच्या जनुकांचं? मग मला सांग, टाचेतलं दुखणं छातीत पोचलं कसं? डॉक्टरांनी समजावलं, पण मी मान डोलावत राहिलो आणि मला काडीचंही कळलं नाही. नववीतल्या ढ मुलाला सांगतेस असं सांग. तुझ्या आईला इतक्यात बोलू नकोस.

तुझा मामा

२० जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार, आणि मी बसले नव्हते. लॅबच्या जिन्यात उभ्याउभ्या वाचलं, मग पायरीवर बसून रडले. आमच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

मी जे काम करते ते बाहेरून फार भारी वाटतं. प्रत्यक्षात मी दिवसभर पडद्यावर चार अक्षरांच्या लांबलचक रांगा बघते आणि डोळे चोळते. चार वर्षांत एकही पेशंट पाहिलेला नाही. आमच्याकडे नळ्या येतात, नळ्यांवर आकडे असतात. आता एका आकड्यामागे माझा मामा असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. नाव काडी, अक्कलही तेवढीच.

तुला सोपं करून सांगते. टाचेतल्या काही पेशी सुट्या होतात. पहिला मुक्काम जवळच्या गाठीत, म्हणजे जांघेत. तिथे त्या पाय रोवतात, वाढतात, आणि मग तिथून पुढे निघतात. तुझ्या बाबतीत पुढचा मुक्काम फुफ्फुस. एकामागून एक पायऱ्या चढत जाव्यात तसं. म्हणून डॉक्टर मधली गाठ लवकर काढायला सांगतात.

सात आठवडे आळस कसला केलास? तू परीक्षेचे पेपर सुद्धा त्याच दिवशी तपासणारा माणूस.

काडी (आता वजनाने मोळी)

२ फेब्रुवारी

चि. काडी,

घोटाळा झाला आहे.

तुझं पत्र मी शर्टाच्या खिशात लपवलं आणि तोच शर्ट धुवायला टाकला. ज्या माणसाने पोरांच्या मोज्यांतून, कंपासपेटीतून आणि एकदा तर प्लास्टरमधून चिठ्ठ्या शोधून काढल्या, त्याला स्वतःची एक चिठ्ठी लपवता आली नाही. मामीने ती वाचली, घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. गेले नऊ दिवस ती जवळजवळ काहीच बोललेली नाही.

आता खरं लिहितो. आळस माझा नव्हता. मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ती म्हणाली, आधी माझा डोळा होऊ दे, नाहीतर तुम्ही पडून राहाल, मी आंधळ्यासारखी चाचपडेन, मग कुणी कुणाकडे बघायचं? डॉक्टर म्हणाले लवकर केलेलं बरं. आम्ही सात आठवडे थांबलो. मी तिच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालत होतो आणि खोटं कशाला बोलू, खुशीत होतो. मला त्या ऑपरेशनची भयंकर भीती वाटत होती. बायकोच्या डोळ्यामागे मी चांगला सात आठवडे लपून बसलो.

आणि आता तुझ्या पत्राने तिला सांगितलं की जांघेतल्या गाठीतून ते पुढे निघतं. तिने हिशेब मांडला: गाठ सात आठवडे राहिली, तेवढ्यात ते छातीत गेलं, आणि ते तिच्यामुळे. ती जेवत नाही. ताटावर बसते, दोन घास चिवडते आणि उठते. रात्रीचं दूध मांजराला जातं, मांजराने मात्र छान अंग धरलं आहे.

मला माझ्या ठिपक्यांचं एवढं वाटत नाही, काडी. तिचं वाटतं. मी कसाही असलो तरी जाईन तेव्हा जाईन. पण ती हे डोक्यात घेऊन मागे राहिली तर? काहीतरी कर.

मामा

९ फेब्रुवारी

मामा,

मी गाढव आहे. साधं नाही, पदवीधर.

चार वर्षं मी ज्या समजुतीला खोटं पाडायचं काम करते, तीच समजूत मी ‘सोपं करून’ तुला लिहून पाठवली. पायऱ्या वगैरे. ढ मुलाला सांगायला गेले आणि स्वतःच ढ निघाले.

खरं काय ते आता नीट वाच, आणि मामीला मोठ्याने वाचून दाखव. प्रत्येक पेशी दुप्पट होताना स्वतःची नक्कल करते आणि नकलेत चुका होतात. एकदा झालेली चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. म्हणून चुका पाहिल्या की कोण कुणाची नक्कल ते सांगता येतं. हे तुला मी काय शिकवू? हे तूच मला शिकवलंस, तेही सगळ्या वर्गासमोर.

नववी, सहामाही. सात आठे चोपन्न. आठवतं? दोन वेण्यांच्या हुशार मुलीने घाईत सात आठे चोपन्न लिहिलं. खिडकीजवळच्या मुलीनेही चोपन्न लिहिलं आणि मीही. तू निकाल दिलास की खिडकीवालीने वेण्यांवालीचं पाहिलं आणि मी खिडकीवालीचं. मला दोघींपेक्षा जास्त वेळ उभं केलंस, कारण मी नकलेची नक्कल केली, म्हणजे मला कॉपीसुद्धा थेट करता येत नाही.

मामा, सव्वीस वर्षांनी अपील करते. खिडकीवालीने पुढच्या ओळीत एक वजाचं चिन्ह खाल्लं होतं. माझ्या पेपरात वजाचं चिन्ह जागच्या जागी होतं. मी तिचं पाहिलं असतं तर तिची चूकही माझ्याकडे आली असती. मी थेट वेण्यांवालीचंच पाहिलं होतं. आम्ही दोघींनी वेगवेगळं, एकाच ठिकाणाहून.

तुझ्या शरीरातही असं असू शकतं. कितीतरी रोग्यांमध्ये दिसलं आहे की लांबचा ठिपका मधल्या गाठीतून आलेलाच नसतो. दोन्ही मूळ डागातूनच सुटलेले असतात, आपापल्या वाटेने. तसं असेल तर गाठ सात दिवसांत काढली असती काय आणि सात आठवड्यांनी काय, हा ठिपका तिच्यातून आलेलाच नव्हता. पण कुणात गाठीतूनही येतो. तुझ्यात काय झालं ते सगळीकडचे तुकडे वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. तुझ्या डॉक्टरांशी बोलले आहे. टाचेचा आणि जांघेचा तुकडा त्यांनी जपून ठेवलेला आहे. फुफ्फुसातल्या दोन्ही ठिपक्यांचे ते सुईने काढणारच आहेत. तू आमच्या अभ्यासाच्या कागदावर सही केलीस तर सगळे आमच्याकडे येतील. दहा आठवडे तरी लागतील.

काडी

२४ फेब्रुवारी

चि. काडी,

अपील वाचलं. पेपर आता रद्दीत गेले, पण वजाच्या चिन्हाचं तुझं म्हणणं बरोबर आहे. मी चुकलो. तुला उभं केल्याबद्दल माफी मागतो. कॉपी केलीसच, तेव्हा निम्मीच मागतो.

सही केली. सुई घातली. शिरेतून द्यायचं औषध पुढच्या आठवड्यात सुरू. शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करतं म्हणे. माझे पहारेकरी माझ्यावरच गेले असणार, त्यांना डाग शाईचाच वाटला असेल.

पण मामी. तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आधी एक लिहिलं, मग मी वाचलं असं कळल्यावर दुसरं लिहिलं. पोरगी माझं मन राखतेय.” आता तिच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला आहे. दहा आठवडे मी काढीन, ती काढेल असं दिसत नाही.

म्हणून एक पाप सुचवतो. खाली मसुदा देतो. तुझ्या अक्षरात उतरव आणि मामीच्या नावावर पाठव. निकाल लवकर आला असं समजू दे. खरा आल्यावर बघू.

“प्रिय मामी, तुझ्यासाठी मुद्दाम घाई करून निकाल काढला. मामाच्या उजव्या टाचेतल्या पेशींच्या चुका आणि फुफ्फुसातल्या पेशींच्या चुका तंतोतंत जुळतात. जांघेतल्या गाठीच्या चुका फुफ्फुसात नाहीत. म्हणजे ते थेट टाचेतून गेलं, गाठ काढण्याच्या कितीतरी आधी. तुझ्या डोळ्याचा यात काडीमात्र संबंध नाही. पोटभर जेव.”

‘काडीमात्र’ हा विनोद तुझ्या वळणाचा वाटेल म्हणून घातला आहे. मला ठाऊक आहे मी काय करायला सांगतो आहे. चौतीस वर्षांत एकाही पोराला सोडलं नाही, आणि म्हातारपणी स्वतःच चिठ्ठी फिरवतो आहे. पण मला दुसरं काही सुचत नाही.

मामा

२८ फेब्रुवारी

मामा,

उतरवून पाठवलं. शब्दाला शब्द, कारण एकही शब्द स्वतःचा घालायचा धीर झाला नाही. अर्धं लक्ष दाराकडे होतं, तू छडी घेऊन येशील असं वाटत होतं. पुन्हा असलं काम सांगू नकोस.

काडी

८ मार्च

काडे,

मामीचे आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस. ह्यांना दाखवू नकोस, ते बघतील.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. माझा डोळा आता लख्ख झाला आहे, मुंगीचे पाय मोजता येतात. त्याच डोळ्याने वाचलं. त्यात तू लिहिलं आहेस, मामाच्या उजव्या टाचेतल्या पेशी.

अगं, ह्यांची टाच डावी. सहा महिने मी त्या टाचेचं बँडेज बदलते आहे. तू दवाखान्याचे कागद वाचून लिहिलं असतंस तर डावी लिहिलं असतंस. ह्या घरात डाव्याला उजवी म्हणणारा एकच माणूस आहे. तुझ्याकडे त्याची चूक आली, म्हणजे तू त्याचं पाहून लिहिलंस. मागच्या पत्रात तूच समजावलं होतंस ना, सात आठे चोपन्न? ते मला चांगलं समजलं होतं. विश्वास बसला नव्हता एवढंच.

मी ह्यांना विचारलं. आधी छताकडे बघितलं, मग पेन गळतंय म्हणाले. मग कबूल केलं.

काडे, मी रागावलेली नाही. हा माणूस कॉपीच्या नावाने आयुष्यभर जगाशी भांडला. स्वतःच्या पुतण्याला नापास केलं, त्या घराशी आमचं पाच वर्षं बोलणं नव्हतं. आणि माझ्या दोन घासांसाठी हा कॉपी करायला बसला. ते कळल्यावर मला हसू आलं आणि मग खूप रडू आलं. त्या दिवशी मी जेवले.

पण मनावरचं ओझं तसंच आहे. डोळा माझा होता आणि हट्टही माझाच होता. तेव्हा आता खरं काय निघेल ते मला कळव. वाईट निघालं तरी कळव. तुझ्या मामापासून काय लपवायचं ते मी बघेन, माझ्यापासून काही लपवायचं नाही.

ह्यांना शिक्षा दिली आहे. ‘माझी टाच डावी आहे’, शंभर ओळी. वही आणून दिली. तुला काय द्यायची ते आलीस की ठरवू.

मामी

२० एप्रिल

प्रिय मामा आणि मामी, दोघांनी मिळून वाचा,

आयुष्यात दोनदा कॉपी केली आणि दोन्ही वेळा एकाच घरातल्या माणसांनी पकडली. एकदा दुसऱ्याची चूक उतरवली म्हणून, आणि दुसऱ्यांदाही दुसऱ्याची चूक उतरवली म्हणून. आणि मी पगार घेते तो नेमक्या अशाच चुका ओळखण्याचा.

निकाल आला. मी हात लावलेला नाही. नळ्यांवर आकडे होते, काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी केलं, मला खोलीबाहेर बसवलं. तुमच्या डॉक्टरांना कालच कळवलं आहे, ते तुम्हाला कागद देतील. माझ्या शब्दावर जाऊ नका, कागद बघा.

टाचेतल्या (डाव्या, तीनदा तपासलं) पेशींमध्ये ज्या चुका आहेत त्या जांघेतल्या गाठीत आणि फुफ्फुसातल्या पहिल्या ठिपक्यातही आहेत. जांघेतल्या गाठीत त्यावर आणखी अकरा चुका आहेत, तिच्या स्वतःच्या. फुफ्फुसातल्या पहिल्या ठिपक्यात त्या अकरांपैकी एकही नाही. म्हणजे तो गाठीतून आलेला नाही, टाचेतूनच आला आहे. तो कधी निघाला, दीड वर्षांत की त्याच्याही आधी, हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा मामा, तू लगेच सगळं स्वतःच्या नावावर करून घेऊ नकोस, तुझा चेहरा मला इथून दिसतोय.

आता दुसरा ठिपका. त्याचा तुकडा फारच छोटा निघाला. वाचता आला नाही. तो कुठून आला ते आम्हाला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. मामी, तो गाठीतून आलेला नाही असं मला फार लिहावंसं वाटतंय. लिहीत नाही.

काडी

६ मे

चि. काडी,

आशीर्वाद. पत्र मिळालं, डॉक्टरांचा कागदही मिळाला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मामीने वाचले, बोट ठेवून ओळीनओळ, मी पेपर तपासत असे तसे. मी समोर बसून घाम पुसत होतो.

तिने विचारलं, दुसऱ्याचं काय? मी म्हणालो, माहीत नाही म्हणतात. तिने कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाली, “मग हे खरं आहे. तुम्ही लिहिलं असतंत तर दुसऱ्याचंही लिहिलं असतंत.”

आणि उठून तिने दोघांची पानं घेतली. घड्याळाचा पट्टा एक भोक बाहेर आला आहे. मांजर नाराज आहे. अधूनमधून ती अजून त्या दुसऱ्या ठिपक्याबद्दल बोलते, पण बोलते तरी. मी तिला सांगितलं की मी तिच्या डोळ्यामागे लपलो होतो. ती म्हणाली, माहीत होतं, डोळा बरा झाला तरी थेंब घालतच होतात तुम्ही.

औषधाने मला थकवा येतो आणि अंगाला खाज सुटते. पहारेकरी जागे झाले असावेत, पण चोर सोडून मालकालाच धरतात. ठिपक्यांचं काय झालं ते पुढच्या स्कॅनला कळेल.

आता शिक्षेचं. तू म्हणशील शंभर ओळी त्याच दिवशी झाल्या असतील. मलाही तसंच वाटलं होतं. आठ मार्चला पहिली ओळ लिहिली आणि हात तापलाच आहे तर एका बैठकीत उरकतो म्हणालो. मामीने वही ओढून घेतली. म्हणाली, “रोज एकच. आणि शंभर झाल्याशिवाय सुटका नाही.”

मी गणिताचा मास्तर, पण मला दोन महिने हिशेब सुचला नाही. काल बसून मोजलं. शंभरावी ओळ पंधरा जूनला येते. भिंतीवरच्या कार्डावर स्कॅनची तारीख आहे सोळा जून. शिक्षा देण्याच्या आदल्याच आठवड्यात ते कार्ड तिने स्वतःच्या हाताने तिथे टाचलं होतं.

काल मी तिला विचारलं, पंधरा जूननंतर काय? तिने कपाटातून दुसरी वही काढून दाखवली. कोरी, दोनशे पानी. म्हणाली, उजव्या टाचेच्या ओळी अजून राहिल्याच आहेत.

आज साठावी. हे पत्र बंद करण्याआधी लिहून टाकतो, नाहीतर विसरेन आणि उद्या दोन लिहाव्या लागतील, तशी परवानगी नाही.

६०. माझी टाच डावी आहे.

मामा